कमिटीसाठी धुतलेली बुरशी

आमच्या कॉलेजच्या विज्ञान इमारतीवर ‘अध्यापन व संशोधन’ अशी पितळी अक्षरं होती. अध्यापन कसंबसं चालायचं, संशोधनाच्या नावानं बोंब. सत्तरच्या दशकाअखेरीस मी तिथे वनस्पतिशास्त्राची टेंपररी डेमॉन्स्ट्रेटर होते. त्या तीन मजली डामडौलात खरंच काही शोधू पाहणारी मूर्ख मी एकटीच.

देवळ्याला माझ्या मामांच्या कांदाचाळीत साठवलेला कांदा दर पावसाळ्यात सडायचा. तो कुठल्या बुरशीनं सडतो, यावर माझा एम.एस्सी.चा प्रबंध उभा होता. दोन पावसाळे मी एसटीनं पिशव्या भरभरून सडके कांदे आणले. शेजारच्या सीटवरचे नाकाला रुमाल लावून बसायचे. त्यातून वेगळी काढलेली बुरशी तीसेक काचेच्या बश्यांत, इन्क्युबेटर नावाच्या उबदार कपाटात वाढत होती. मार्चमध्ये प्रबंधाची मुदत संपत होती.

हिवाळ्यात कळलं, संशोधन केंद्राची मान्यता द्यायला विद्यापीठाची कमिटी येणार. झालं! भिंतींना चुना, दारात रांगोळी, नर्सरीतून मागून आणलेल्या कुंड्या. कमिटीच्या दिवशी सकाळी मी इन्क्युबेटर उघडला, तर माझ्या बश्या रिकाम्या, लखलखीत, ओळीनं रचलेल्या.

शिपाईमामा खुशीत होते. “सायेब म्हनले, बुरशी आलेलं समदं धुऊन टाका. लय घासावं लागलं, बाई.”

शिपाईमामांना काय बोलणार? पण साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख, वीस वर्षं पोरांना बुरशी शिकवणारे! थंडीत लागत नाही म्हणून त्यांच्या घरचं दही त्याच कपाटात विरजत असे. त्या पातेल्याला मात्र कुणी हात लावला नव्हता.

“अहो बाई, रडताय काय?” सर म्हणाले. “कांदे संपलेत का? पुन्हा वाढवा की.”

सडका कांदा आता पुढच्या पावसाळ्यातच मिळणार होता, हे या माणसाला ठाऊक नव्हतं. संताप संताप झाला नुसता.

कमिटीतले एक गृहस्थ कपाटात डोकावले. “वा, किती स्वच्छता!” म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळले. “काय, संशोधन कसं चाललंय?”

सर माझ्याकडे बघत होते. जूनमध्ये माझ्या नेमणुकीची ऑर्डर पुन्हा काढायची की नाही, हे त्यांच्याच हातात होतं. मी एक धुतलेली बशी उचलून दाखवली आणि म्हणाले, “उत्तम चाललंय, सर.”

केंद्राला मान्यता मिळाली. माझा प्रबंध राहिला तो राहिलाच. सरांना नावं ठेवायला मला तोंड उरलं नाही. ठेवते, ती गोष्ट वेगळी.