गोजरबाईनं हिटर घेतला

“पिलं गारठून न्हाई मेली, शेठ. उबंनं मेली.”

कांतीलालनं हातातलं हिटरचं खोकं काउंटरवर ठेवलं आणि चष्मा कपाळावर चढवला. जुन्नरच्या पेठेत त्याचं शेगड्यांचं, कुकरचं आणि गॅसच्या सामानाचं दुकान. आजा मारवाडातून आलेला, कांतीलालचा जन्म मात्र इथलाच. गोजरबाईच्या लग्नातला स्टोव्हही त्याच्याच दुकानातला. गिऱ्हाईक माल बघायचं सोडून कोंबड्यांच्या पिलांवर घसरलं, तरी तो घाई करणाऱ्यातला नव्हता.

“उबेनं कोण मरतंय, गोजरबाई?”

“आवं, म्याच मारली म्हून सांगती ना. पाचशे व्हती. सत्त्यान्नव सालचा जानेवारी. शेडात गॅसचा ब्रूडर लावलेला, म्हंजी त्यो बी हिटरच की. गार वारं शिरू न्हाई म्हून मपल्या हातानं गोनपाटाचं पडदं शिवलं. सुई जाईल एवढी बी फट ठिवली न्हाई. सकाळी बगती तर समदी दाराशी. दाराखालच्या फटीला हवेसाठी चोची लावून, एकावर एक. थंडी वाजली असती तर ब्रूडरखाली गोळा झाली असती का न्हाई, तुमीच सांगा.”

त्या वेळी पिलं पुरवणाऱ्या कंपनीच्या सुपरवायझरनं कार्डावर ‘थंडीने मर’ असं लिहून टाकलं होतं आणि गोजरबाई त्याच्याशी भांडली नव्हती. भांडून पिलं थोडीच उठणार होती? तिनं कात्री घेतली आणि सगळ्या पडद्यांच्या वरच्या कडेला हातभर पट्टी कापून टाकली. पुढची चार वर्षं शेड चालली, पण तशी मर पुन्हा झाली नाही. मग कोंबडीचे भाव पडले, नवऱ्याची, कुंडलिकची, कंबर धरली, आणि शेड रिकामी झाली.

रिकाम्या शेडीत चूल पेटली ती पुण्याच्या पावण्यांमुळं. माणिकडोह धरणाच्या पाण्याकाठी गोजरबाईचं रान. गडावर जाणारी पोरं तिथं चहा मागायची, मग भाकरी मागायला लागली, मग तंबू ठोकू का म्हणून विचारायला लागली. तीन वर्षांत बारा तंबूंचा कॅम्प झाला. वाडीतल्या सात बाया थंडीभर त्यावर कामाला. कुणी भाकऱ्या थापायची, कुणी पाणी वाहायची, आणि हिवाळ्याचं हे काम सगळ्याजणी आता धरूनच चालायच्या.

पावणे आणायच्या त्या अश्विनी मॅडम. या नाताळात त्या तीसजणांचा गट आणणार होत्या, सगळे पेन्शनीतले. मागल्या वर्षी असाच एक गट आला होता. त्यातला एक रिटायर मास्तर थंडीनं कुडकुडून गेला आणि तांबडं फुटायला पहिली एसटी पकडून निघून गेला. म्हणून यंदा मॅडमनी अट घातली होती. तंबूत तंबूत गॅसचा हिटर पाहिजे, नसेल तर कॅम्प दुसरीकडं. गट गेला की त्यामागचे तीन गटही जाणार, हे न सांगता कळत होतं. म्हणून गोजरबाई दुकानात उभी होती.

तिनं तिन्ही नमुने पेटवून दाखवायला लावले. पहिला बारकुडा, मुठीएवढ्या डब्यावर बसणारा. त्याच्याकडं बघून ती म्हणाली, “ह्यो पहाटं दम सोडंल. डबा गार पडला का आच बसती. आमी सिलेंडर गरम पान्याच्या घमेल्यात ठिवतो, ह्याला काय वाटीत बसवू?”

दुसरा मात्र देखणा. धरायला कडी, पुढं जाळी, पेटवल्यावर जाळी आख्खी लालेलाल. कांतीलालनं तो मुद्दाम कलता केला तर आपोआप विझला. गोजरबाईनं स्वतः दोनदा कलवून बघितला. दोन्ही वेळा विझला. तिनं त्याच्यापुढं हात धरले आणि हात बराच वेळ तिथंच राहिले. बारा तंबू, बारा लाल जाळ्या, आणि आत म्हातारी माणसं पाय ताणून झोपलेली, असं सगळं तिच्या डोळ्यापुढून गेलं. खोटं कशाला सांगायचं, तिचं मन बसलं त्यावर.

“आन हवा संपली तर?” तिनं विचारलं. “तवा बी इझतो का?”

ठाऊक नसताना ‘हो’ म्हणायची कांतीलालला सवय नव्हती. त्यानं खोक्यात हात घालून तळातलं पत्रक काढलं आणि बोट फिरवत वाचायला घेतलं. शेवटच्या पानावर आल्यावर त्याचं बोट थांबलं. तिथं तंबूचं चित्र होतं आणि त्यावर ठळक काट मारलेली होती. खोक्याच्या वरच्या अंगाला मात्र तोच तंबू, मागं बर्फाचा डोंगर आणि हिटरपाशी बसून हसणारं गोरंपान जोडपं.

कांतीलालनं दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली.

“मी हे पान कधी उघडलंच नव्हतं,” तो म्हणाला. “उघड्यावर चालतो म्हणतात. बंद जागी नाही. तंबूची चेन जरा उघडी ठेवा म्हणून सांगा पावण्यांना.”

“दिसा सांगीन, शेठ. दिसा ऐकत्यात बी. पन रातीला त्यास्नी बिबट्या आठावतो.”

हे तर कांतीलाललाही पटलं. दोन वर्षं झाली, बिबट्या उसातून निघून वस्त्यांच्या अंगणात यायला लागला होता. पुण्याचे पावणे तंबूची चेन ओढत आणि वर तिला आपल्या पिशव्यांचा टेकू लावत. भिणाऱ्याला फट दिसली की तो ती बुजवणारच. यात गोजरबाईला त्यांचं काही चुकलंसं वाटत नव्हतं. तिनं स्वतः तेच केलं होतं.

दुकानातल्या फोनवरून तिनं मॅडमना फोन लावला. काय बघितलं ते सांगितलं. पलीकडून मॅडम बराच वेळ बोलत होत्या. लोकांना शब्द दिलाय, वयाची माणसं आहेत, दुसऱ्या धरणावरचा एकजण तंबूत तंबूत हिटर द्यायला तयार आहे, वगैरे.

“त्यो देत आसंल, ताई. म्या न्हाई देनार.”

“मग मला तिकडं जावं लागेल, मावशी.”

“जावा. पन तिथं बी चेन उघडी ठिवून झोपा म्हनावं, एवढं ऐका.” तिनं फोनची वायर बोटाला गुंडाळली. “न्हाई तर आसं करा. शनवारी तुमी येकल्या या, मपल्या तंबूत झोपा. मग जावा कुठं जायाचं तं.”

तिनं तिसरा हिटर घेतला. मोठ्या सिलेंडरवर बसणारा, लोखंडी, रूपानं घमेल्यासारखा. चहूकडून उघड्या मांडवात ठेवायला, आणि एकच.

फाट्यावर कुंडलिक सायकल धरून उभा होता. त्यानं खोकं बघितलं, तिच्या मागं एसटीच्या दाराकडं बघितलं. “बारा आनायला गेली अन् येकच घिऊन आली. बाकीचं अकरा काय ह्यो उबवून काढनार का?” सगळं ऐकल्यावर तो म्हणाला की झोपणारे झोपतात, मागणारे मागतात, द्यावं आणि मोकळं व्हावं. सातजणींना काय तोंड दाखवणार, असंही म्हणाला. गोजरबाईनं खोकं कॅरियरला बांधलं आणि गाठ दातानं आवळली. सातजणींचं तिला त्याच्याआधीच आठवलं होतं.

त्या सातजणींनाच घेऊन तिनं शनिवारपर्यंत तंबू हलवले. पाण्याकाठची गार हवा बसते ती जागा सोडून वर, शेडीच्या आडोशाला. तंबूच्या तळाला वीतभर भाताचा पेंढा, त्यावर ताडपत्री, त्यावर दोन दोन गोधड्या. पायाशी ठेवायला शेकायची रबरी पिशवी. एकजण हसली की पावण्यांना गोठ्यात बांधल्यागत वाटेल. गोजरबाई म्हणाली, गोठ्यातली म्हस कदी कुडकुडताना बगितली का तू?

शनिवारी मॅडम आल्या. मांडवात हिटरपाशी बसून पिठलं-भाकरी खाल्ली, हात शेकले. निजायच्या वेळी गोजरबाईनं हिटर बंद केला, रेग्युलेटर काढला आणि घरी घेऊन गेली.

सकाळी धुकं पाण्यावरून उठत होतं तेव्हा तंबूची चेन वाजली. मॅडम बाहेर आल्या, शाल कानावरून घेतलेली. गोजरबाईनं चहा पुढं केला. बाकीच्या बाया भांडी घासत होत्या, पण भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

“पाय गार पडले होते, मावशी. खोटं नाही सांगत,” मॅडम म्हणाल्या. “पहाटे नाक तर गोठलंच.”

“आसंल.”

“पण झोप लागली. मधे जाग आली तेव्हा बघते तर चेन मी वरपर्यंत ओढलेली. कधी ओढली ते आठवत नाही.” त्यांनी कपात बघितलं. “तंबूत हिटर नाही हे सांगितल्यावर तीसच्या तीस काही येणार नाहीत. सातआठ तरी गळतील.”

“गळू द्या. येतील त्यास्नी घालू खायाला.”

“मोजे आणायला सांगते सगळ्यांना.”

“आन कानटोप्या. मपल्याकडच्या कुनाकुनाला पुरनार?”

मॅडमनी वही काढून लिहून घेतलं, तारीखही लिहिली. मागं भांडी पुन्हा वाजायला लागली. बावीसजणांच्या हिशोबानं सातातल्या एखादीला यंदा घरी बसावं लागेल, की सगळ्यांनी थोडं थोडं वाटून घ्यायचं, हे गोजरबाईच्या डोक्यात फिरायला लागलं. ते दुपारी सगळ्याजणी बसल्यावर बघू, असं तिनं ठरवलं. गोठ्यातून म्हैस दोनदा हंबरली होती. गोजरबाईनं लुगडं खोचलं, कासंडी उचलली आणि धार काढायला गेली.