वाळवंटात लोकेशन शोधताना

वाळवंटातून परत आलं की गाडीत दोन गोष्टी साठलेल्या असतात: लाल वाळू आणि किस्से. वाळू व्हॅक्यूमने कधीच निघून गेली. किस्से मात्र अजून निघतायत. सगळे जेवायला बसले, की एखादा सीटखालून सापडल्यासारखा बाहेर येतोच!

आम्ही चौघं होतो. बाबा, त्याचा कॉलेजपासूनचा मित्र शिरीषकाका, काकाची बायको मुग्धाकाकू आणि मी. मी दहावीत आहे आणि फारशी बोलत नाही. त्यामुळे मला मागची सीट मिळते आणि सगळं ऐकायलाही मिळतं.

पहिल्या लॉकडाउनमध्ये काकाची आयटीतली नोकरी गेली. मग त्याने ठरवलं, की आमच्या राज्याच्या टोकाला जे वाळवंटी नॅशनल पार्क आहे, तिथे लोकांना फोटोग्राफीच्या टूरवर न्यायचं. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरातल्या काही जणांनी विचारलंसुद्धा होतं. पण पाच पक्की लोकेशन्स सापडल्याशिवाय काका कुणालाच हो म्हणायला तयार नव्हता.

बाबाने एकदा विचारलं, "शिऱ्या, तुला लोकेशन सापडत नाहीये की हिंमत?"

काका म्हणाला, "दोन्हीचा शोध चालू आहे."

*

घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी होती, तेव्हा काका घराजवळच प्रॅक्टिस करायचा. ट्रुगानिनात, म्हणजे आमच्या उपनगरात, मागच्या गल्लीत नवी घरं बांधत होते आणि तिथे वाळूचा मोठा ढीग पडला होता. काका फुटपाथवर चक्क पालथा झोपला, कॅमेरा जमिनीला टेकवला आणि संध्याकाळच्या उन्हात त्या ढिगाचा असा फोटो काढला, की फक्त उंट यायचे बाकी होते! तो त्याने मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली काहीच लिहिलं नाही.

लगेच मंडळातल्या एका काकांचा फोन.

"अरे शिरीष, आम्ही इथे घरात कोंडलोय आणि तुला वाळवंटात जायचं परमिट कुणी दिलं?"

*

शेवटी निर्बंध उठले आणि मार्चच्या लाँग वीकएंडला आम्ही खरोखरच निघालो. पार्कमधली पहिलीच वाळूची टेकडी दिसली आणि आम्ही सगळे गाडीतून उतरलो. वाऱ्याने वाळूवर बारीक रेघा ओढल्या होत्या आणि त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

काका हळूच म्हणाला, "हेच! लोकांना हेच दाखवायचंय."

मग वरून कसं दिसतं ते बघायला तो टेकडीवर चढला. त्याला अँगल सांगायला बाबा गेला. त्या दोघांना पाणी द्यायला काकू गेली. तिघांच्या टोप्या गाडीत राहिल्या होत्या, त्या घेऊन मी गेले.

खाली येऊन काकाने कॅमेरा लावला, तर टेकडीचं शाळेचं ग्राउंड झालं होतं!

काकू म्हणाली, "लोकेशन छान होतं हं."

*

दुसरी टेकडी काकाने फार अभ्यास करून निवडली. सूर्य कधी कुठे असेल ते दाखवणारं एक अ‍ॅप त्याच्या फोनमध्ये आहे. त्यानुसार दुपारी ऊन टेकडीच्या दक्षिणेच्या अंगावर पडणार होतं. ट्रायपॉड लावून आम्ही बसलो. आमची बाजू काही उजळेना, उलट सावली वाढतच गेली.

खूप वेळ धीर गोळा करून मी म्हणाले, "काका, ऊन तर पलीकडच्या बाजूला पडलंय."

"अ‍ॅप चुकत नाही, रेवा. सूर्य लेट आहे!"

शेवटी बाबाने फोन हातात घेऊन बघितला. सीमा बंद झाल्यामुळे काकाची पुण्याची ट्रिप रद्द झाली होती. त्या ट्रिपसाठी त्याने अ‍ॅपमध्ये पुणं टाकलं होतं, ते तसंच राहिलं होतं. तिथे सूर्य दक्षिणेकडून जातो, इथे दक्षिण गोलार्धात उत्तरेकडून!

काकाने फोन परत घेऊन खिशात टाकला. मग म्हणाला, "म्हणजे लोकेशन एकदम बरोबर आहे. फक्त पुण्यात आहे."

*

मुग्धाकाकू डॉक्टर आहे. तिचं सगळं वर्ष कोविड वॉर्डात गेलं होतं. मास्कची तिला इतकी सवय झाली होती, की चहूकडे झुडपांशिवाय काही नसतानाही तो तोंडावर तसाच.

बाबा म्हणाला, "वहिनी, इथून सगळ्यात जवळचा माणूस बहुतेक दुसऱ्या राज्यात असेल."

ती हसली. मास्क काढून तिने खिशात ठेवला, घडीची खुर्ची उघडली आणि बसल्या बसल्या झोपली. नेमकी फ्रेमच्या मधोमध! आणि तेवढ्यात ऊन सोनेरी व्हायला लागलं. या उन्हासाठीच तर आम्ही इतक्या लांब आलो होतो.

मी कुजबुजले, "काका, खुर्ची जराशी सरकवू?"

काकाने ओठांवर बोट ठेवलं. ऊन सोनेरी झालं, मग लाल झालं, मग गेलं. काकाने कॅमेऱ्याचं झाकण लावलं.

"लाइट काय, उद्या परत येईल. ही परत अशी कधी झोपेल, सांगता येत नाही."

*

परतीच्या दिवशी दुपारी आम्ही टेकडीच्या पायथ्याशी बसून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं खात होतो. काकाकडे दोनच लोकेशन्स जमली होती. तो पुरीचे नुसते तुकडे करत बसला होता. बाबासुद्धा त्याला चिडवत नव्हता.

एवढ्यात एक कॅम्परव्हॅन येऊन थांबली. आत एक आजोबा आणि एक आजी होत्या. आजोबांनी काच खाली केली, आमच्या गाडीवरचा लाल धुळीचा थर बघितला आणि विचारलं, "मेट, तुला हा भाग माहीत असेल ना? फोटोसाठी इथे चांगली जागा कुठे आहे?"

काकाने मागे वळून बघितलं. मागे कुणीच नव्हतं.

"नाही, म्हणजे, मी तसा..." तो इंग्लिशमध्ये अडखळला.

तोंडातला घास न गिळताच काकू मराठीत म्हणाली, "शिरीष, ऊठ."

तो उठला. त्या दोघांना टेकडीला वळसा घालून एका वाकड्या झाडापाशी घेऊन गेला. आम्हीही मागून गेलो. काकाने आजींचा ट्रायपॉड अगदी खाली घ्यायला लावला. मग आकाशाकडे बोट दाखवून म्हणाला, "तो ढग सरकू दे. अजून नाही. अजून नाही. आता!"

आजींनी बटण दाबलं. स्क्रीनकडे बघून त्यांनी आजोबांचा दंडच धरला. मग त्यांनी विचारलं, "तू टूर्स कधीपासून करतोस?"

काकाने लोणच्याचं तेल लागलेला हात पँटला पुसला, ताठ उभा राहिला आणि म्हणाला,

"सिन्स लंच!"