मशीन बंद होतं, तरी आजींनी बोट वर केलं

आधीच सांगून टाकते, असले गूढ अनुभव मी चहा पिता पिता वाचते आणि हसते. माझी मोठी जाऊ ते वाचून रात्री पाणी प्यायलाही एकटी उठत नाही, तो भाग वेगळा. कोणी म्हणालं 'मला आवाज आला', तर मी आधी विचारते, कुठल्या कानाने? धंदाच पडला तो माझा.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी मुंबईला वाचा आणि श्रवणदोषांचा कोर्स करत होते, दुसऱ्या वर्षाला. पालघरला आमच्या घरी तो कोर्स कोणालाच धड कळला नव्हता. काका म्हणायचे, "बोलायला शिकवायचं कॉलेज? हिला तर गप्प बसायला शिकवायला हवं." एप्रिलमध्ये आमच्या बाईंनी तारापूरजवळ नवापूरला कानतपासणीचा कॅम्प ठेवला आणि मी तिकडचीच म्हणून मला पुढे केलं. शाळेच्या एका वर्गात खिडक्यांना जाड चादरी लावून आम्ही शांतता केली... म्हणजे मच्छीमारांच्या गावात होते तेवढी.

सकाळी चंदी आली. चार वर्षांची, डोंगराकडच्या वाडीवरून, आईच्या कडेवर. मी तिच्या पाठीमागे ढोल बडवला, घंटा वाजवली, पण पोरीची पापणी हलली नाही. जन्मापासूनच बहिरी. आईला समजावून सांगायला लागले तर ती म्हणाली, "मना म्हाईत हाय, बाय. कानाचा यंत्र मिलेल का, ते सांग." बाईंनी तिला दुपारपर्यंत थांबायला सांगितलं.

दुपारी माझ्यासमोर हिरूआजी बसल्या. आयुष्य मासळी विकण्यात गेलेलं, आणि कित्येक वर्षं ठार बहिऱ्या. सून त्यांच्याशी खुणांनीच बोलायची. मी हेडफोन लावला आणि खुणेने समजावलं, आवाज आला की बोट वर करायचं. बटण दाबत गेले, आवाज वाढवत गेले, आजी ढिम्म. मी बटण सोडलं की मात्र बोट वर! पुन्हा तेच. हे आम्हाला नवीन नव्हतं, समोरच्याला बरं वाटावं म्हणून पेशंट उगाच बोट वर करतात. मी वैतागून नको-नको अशी मान हलवली. तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, मशीनचा दिवा विझला... आणि आजींनी पुन्हा बोट वर केलं.

"वाजते ना," त्या म्हणाल्या. "कोन तरी लाकडावर ठोकते. थांबते, परत ठोकते."

मी काही म्हणणार तोच दारात चंदीची आई उभी. ओसरीवर तिचा डोळा लागला होता आणि पोर नाहीशी झाली होती. "बाय, पोर कठंच नाय." हरवलेल्या मुलाला आपण हाका मारतो. हिला हाका मारून काय होणार? बाहेर सगळं गाव 'चंदी, चंदी' करत फिरत होतं. एकीकडे समुद्र, दुसरीकडे वाड्यांमधल्या उघड्या विहिरी.

आजींच्या कानावर यातलं काही पडलं नव्हतं आणि आई त्यांच्या पाठीमागे होती. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, माझं मनगट धरलं आणि "चल, दाखवते" म्हणून निघाल्या. मी का गेले? त्या बंद मशीनमुळे गेले, दुसरं काय. चंदीची आई माझ्यामागे. माणसं दोन्ही बाजूंनी ओरडत होती, आजींनी कुठे मान वळवली नाही. वाळत घातलेली मासळी, जाळी, मग तापलेली वाळू, आणि डागडुजीसाठी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली एक जुनी होडी. आजींनी तिच्या फळीवर हात ठेवला. "इथं."

मला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि माझे कान शाबूत आहेत. फळीला कान लावला तेव्हा कुठे बारीकशी टकटक ऐकू आली. शोधणाऱ्यांपैकी दोघा जणांनी वर चढून मासळी ठेवायच्या खणाचं जड झाकण उचललं. आत चंदी होती. खेळता खेळता कललेल्या होडीवर चढून खणात उतरली असणार आणि झाकण वरून पडलं असणार. घामाने निथळत, ओठ सुकलेले, हातात लाकडाचा तुकडा. अजून थोडा उशीर झाला असता तर त्या उकाड्यात काय झालं असतं, हे मला आजही बोलवत नाही. आईने तिला छातीशी धरलं आणि मी तिथेच वाळूत बसून रडले. इतकं सुटल्यासारखं मला आयुष्यात क्वचितच वाटलंय.

लाइट आल्यावर मी आजींना पुन्हा तपासलं. मशीनचा आवाज शेवटच्या टोकापर्यंत नेला, बोट जागचं हललं नाही. बाई म्हणाल्या, जमिनीतून कंपनं जाणवली असतील. एवढ्या लांब? वाळूतून? बरं, पोरीला होडीकडे जाताना पाहिलं म्हणावं, तर आजी आधीपासून चादरी लावलेल्या वर्गात बसून होत्या. त्यांनाच खुणेने विचारलं तर म्हणाल्या, "वाजलं तं वाजलं. मना काय म्हाईत." इतकी वर्षं कान तपासतेय, पण याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही आणि आता मी ते शोधतही नाही.

निघताना चंदीची आई आजींसमोर येऊन काहीतरी बोलायला लागली. मग थांबली. तिला कळलं असावं की यांना ऐकू जात नाही. तिने आजींचा हात घेतला आणि चंदीच्या छातीवर ठेवला. आजी बराच वेळ तसाच हात ठेवून उभ्या राहिल्या, मग माझ्याकडे बघून हसल्या. "चालते," म्हणाल्या, "बेस चालते."