जवळची खूण

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. या सदरातले अनुभव मी जेवताना वाचते आणि बहुतेकांना मनातल्या मनात नापास करते. आज माझाच पाठवतेय... तुम्हीही खुशाल नापास करा.

बिबवेवाडीत आमचा चपलांचा छोटा कारखाना आहे. अब्बांनी सुरू केलेला, आता मी बघते. शुगरमुळे ज्यांच्या पायातली संवेदना गेलीय, अशांसाठी आम्ही मापाच्या मऊ चपला करतो. या माणसांना काटा घुसला तरी कळत नाही. कळतं तोवर उशीर झालेला असतो, आणि मग कधीकधी पाय काढावा लागतो.

ऑफिसचं सगळं आगाशेबाई बघायच्या. सर्व्हरसुद्धा. टेबलाखाली एक काळा डबा, त्यावर बाईंनी विणलेला क्रोशाचा रुमाल. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नोंदीत शेवटी 'शेरा' असा रकाना होता आणि तो फक्त बाईंचा. "टाच झिजली म्हणून तिरका चालतो, ऐट नाही. कळावे." "सासूला घेऊन येते, स्वतःचा पाय दाखवत नाही. बघणे. कळावे." दरवेळी शेवटी 'कळावे', पत्राखाली लिहितात तसं.

"बाई, हा डेटाबेस आहे, पोस्टकार्ड नाही," मी चिडवायचे.

"शाहीन, डेटाबेस तुझा. माणसं माझी," त्या मान वर न करता म्हणायच्या.

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्यानंतर सर्व्हर रोज काहीतरी कुरबुर करायला लागला, म्हणून मी सगळं क्लाउडवर न्यायचं ठरवलं. काम करायला प्राजक्ता नावाची इंजिनिअर यायची. एक दिवस तिने विचारलं, "ताई, नव्या फॉर्ममध्ये 'शेरा' नाहीये. त्या डेटाचं काय करू?"

"सोडून दे," मी म्हटलं. चहा पीत पीत म्हटलं. बाईंची इतक्या वर्षांची माणसं मी दोन शब्दांत सोडून दिली, याचं मला आजही वाईट वाटतं.

सर्व्हर बंद झाला. त्यानंतर महिनाभराने मांजरी गावच्या हिराबाई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या, सोबत सून. म्हणजे बाईंनी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं, हे लक्षात ठेवा. माप मीच घेतलं. दोन्ही पाय स्वच्छ होते. नव्या फॉर्ममध्ये पत्त्याखाली 'जवळची खूण' असा रकाना आहे, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "उसाच्या रानात कसली खूण? सगळीकडं ऊसच हाय." मी रकाना रिकामा सोडला.

आठ-दहा दिवसांनी चपला तयार झाल्या. त्या दुपारी मी स्वारगेटला माल बघायला गेले होते. तीनला परत आले, हिराबाईंचं पार्सल बांधलं, पत्त्याचं लेबल छापलं. त्यावर लिहिलं होतं —

'जवळची खूण: डावी टाच, आतली बाजू. बघणे. कळावे.'

मी भडकले. कारखान्यात तेव्हा आमचे रफिकचाचा एकटेच होते. ते शिवतात सुरेख, पण कॉम्प्युटरला हात लावायला सांगितलं तर आधी हात धुऊन येतात. कुणीतरी बाईंच्या नावाने थट्टा करतंय असं वाटून मी ते लेबल फाडलं. मग 'कळावे' एवढा तुकडा हातात राहिला, आणि मला काही तो टाकवेना. फोन लावला.

"मावशी, जरा डावी टाच बघता का?"

"काय बघायचं? मला काय दुखत न्हाय."

"दुखत नाही म्हणूनच म्हणतेय. सूनबाईंना द्या फोन."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग सून हळूच म्हणाली, "ताई... काटा हाय. पार आत गेलाय. भोवती काळं पडलंय. आत्याबाईंना पत्ताच न्हाई."

त्याच संध्याकाळी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन-तीन दिवस गेले असते तर पाय काढायला लागला असता.

प्राजक्ताने सगळी नोंद तपासली. ती ओळ दुपारी एक वीसला भरली होती, माझ्या लॉगिनवरून. एक वीसला मी स्वारगेटच्या सिग्नलला, फोन स्कूटरच्या डिकीत. "ऑटोफिल असेल ताई," ती म्हणाली. मी म्हटलं, असेल बाई, पण ऑटोफिलला मांजरीतला काटा कसा दिसला? जुन्या डेटातली ओळ चुकून इकडे आली असेल, म्हणून टेबलाखालचा सर्व्हर पुन्हा चालू करून शोधलं. अशी ओळ त्यात कुठेच नव्हती.

भूत म्हणा, योगायोग म्हणा, मी काहीच म्हणत नाही. मला अजून कळलेलं नाही. फक्त प्राजक्ताला सांगून नव्या फॉर्ममध्ये 'शेरा' परत घालून घेतला आणि बाईंचे सगळे शेरे जुन्या डब्यातून क्लाउडवर आणून घेतले. हिराबाईंच्या नोंदीत तो रकाना अर्थात कोरा होता. परवा त्या नव्या चपला घालून स्वतः चालत जिना चढून आल्या. त्या घरी गेल्यावर मी पहिल्यांदाच तिथे लिहिलं —

'बाई, पाय वाचला. कळावे.'