ग्रंथालयातला भोंगा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली. उसवलेली शिवायची, फाटलेली चिकटवायची, पुठ्ठे बदलायचे. निवृत्त झालो तरी कोपऱ्यातलं माझं टेबल कुणी हलवलं नाही आणि मीही हललो नाही. दुःख एकच होतं. कान उताराला लागले होते आणि ग्रंथालयात सगळे कुजबुजतात. ज्या बातम्यांवर मी चाळीस वर्षं जगलो, त्या माझ्या नाकासमोरून जायच्या आणि मला पत्ता नाही!

अशात ती आली. गरजू मुलांना विद्यापीठातच रोज तीन तास काम देतात. कुणी प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतं, कुणी बागेला पाणी घालतं. त्या कामावरच वसतिगृहातली जागा आणि दोन वेळचं जेवण. हिच्या वाट्याला ग्रंथालय आलं. पहिल्या दिवशी तिने दारातून विचारलं, "मी नवीन आहे, कुठे बसू?" आणि गच्चीवरची कबुतरं उडाली. मला मात्र वर्षभरात पहिल्यांदा एक अख्खं वाक्य नीट ऐकू आलं. मी मनातल्या मनात तिला नात करून टाकली. पोरांनी संध्याकाळपर्यंत तिचं नाव ठेवलं, भोंगा.

तिचा तरी काय दोष? आईवडिलांची पिठाची गिरणी, आणि घर म्हणजे गिरणीमागची खोली. सकाळी पट्टा फिरायला लागला की अंधार पडेपर्यंत धडधड. "आमच्याकडे हळू बोलणं म्हणजे न बोलणंच, आजोबा," असं तिने मला खासगीत सांगितलं. शेजारच्या दालनातल्या दोघांनी माना डोलावल्या.

ग्रंथपाल मॅडमना हे कसं खपावं? त्यांना मागून सगळे शूऽमॅडम म्हणायचे. त्यांची काचेची केबिन वाचनकक्षाच्या मधोमध, आणि उजव्या हाताचं बोट कायम ओठांवर. नियम असा की महिन्याभरात तीन तक्रारी वहीत चढल्या की मुलाचं काम बंद.

पहिली तक्रार चौथ्या दिवशीच आली. "सर, तुमचं पुस्तक दोन वर्षं उशिरा आलंय!" असं ती एकाला म्हणाली. ते सर विभागप्रमुख निघाले, आणि पुस्तक होतं वक्तशीरपणावरचं. दुसरी तक्रार एका लाजाळू मुलाची. त्याने काउंटरवर अगदी वाकून काहीतरी मागितलं. हिने मदत म्हणून आतल्या कपाटांकडे आरोळी ठोकली, "प्रेमपत्रं कशी लिहावीत, आहे का एखादी प्रत?" तो आठवडाभर दिसला नाही. ज्या मुलीला पत्र लिहायचं होतं ती तिथेच बसली होती, असं मला नंतर कळलं. पुढे तिनेच त्याला लिहिलं म्हणे.

दुसऱ्या तक्रारीनंतर पोर माझ्या टेबलाशी येऊन बसली. चेहरा एवढासा.

"हे काम गेलं की वसतिगृह गेलं, आजोबा. वसतिगृह गेलं की संख्याशास्त्र गेलं."

"मग गिरणी आहेच की."

"गिरणीत दादा आहे, वहिनी आहे. गिरणीचं माझ्यावाचून अडत नाही. माझं गणितावाचून अडतं."

त्या दिवसापासून तिने तोंडाला कुलूप लावलं. आणि मग मला एक गंमत दिसली. मी शिवताना स्वतःशीच पुटपुटतो, तशी सवयच आहे. "दोरा संपला वाटतं," असं पुटपुटलो, तर ही लांब खिडकीपाशी शिडीवर होती ती उतरून रीळ घेऊन हजर!

"तुला ऐकू गेलं?"

"छे, दिसलं. गिरणीत कोण ऐकतंय? आई पट्ट्यापलीकडून ओठ हलवते, आम्ही वाचतो."

मी सुई खाली ठेवली. म्हणजे वाचनकक्षातल्या दीडशे जणांची कुजबुज हिला दिसत होती! आणि केबिनमधली शूऽमॅडम? त्या रोज दुपारी दार लावून फोनवर अर्धा तास बोलायच्या, मध्येच लाजायच्या. कोणाशी, हे कोडं मला सहा वर्षं छळत होतं. मी खिशातले शेंगदाणे काढले.

"काय बोलतात गं त्या?"

"नाही सांगणार."

"अर्धंच सांग."

"आजोबा, दळायला आलेल्या डब्यात काय आहे ते गिरणीवाला गावभर सांगत नाही."

सगळे शेंगदाणे खाल्ले आणि एक अक्षर सांगितलं नाही.

महिना संपायला दोन दिवस उरले होते. परीक्षा तोंडावर, वाचनकक्ष खच्चून भरलेला. केबिनमध्ये मॅडम फायली उचलून बघतायत, टेबलाखाली वाकतायत, स्वतःशी काहीतरी बोलतायत. दार बंद. शिडीवरून माझ्या नातीला राहवलं नाही.

"मॅडम, चष्मा डोक्यावर आहे!"

दीडशे मुंडकी वर झाली. मग असा हशा उठला की मलासुद्धा ऐकू आला. मॅडम बाहेर आल्या, तक्रारवही काखेत. काउंटरवर वही उघडली, पेन काढलं, आणि लिहायला म्हणून डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. तिथेच त्या थबकल्या.

"दार बंद होतं. मी चष्मा शोधतेय हे तुला कसं कळलं?"

ती शिडीवरून उतरली आणि तिने सगळं सांगितलं. मॅडमचा विश्वास बसेना. आत गेल्या, दार लावलं, काचेआडून दोन-तीन वाक्यं बोलल्या. पोर तडक मागच्या कपाटाशी गेली, हिरव्या पुठ्ठ्याचा जाडा कोश आणला आणि काचेला लावून धरला. मॅडमचं बोट ओठांवरून खाली आलं, मी पहिल्यांदाच पाहिलं ते. मग एकदम त्यांचा चेहरा लालबुंद झाला. महिनाभराच्या दुपारी आठवल्या असणार.

त्या बाहेर येऊन हळूच म्हणाल्या, "कुणाला सांगितलंस?"

तिने नकारार्थी मान हलवली. मी न राहवून मध्ये पडलो. "मला नाही सांगितलं, मॅडम! मी शेंगदाणे देऊनसुद्धा!"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं ते असो. वहीत त्यांनी लिहिलं: "तक्रार नाही. चष्मा सापडला."

आता तिथे नवी पद्धत आहे. पुस्तक हवं असेल तर जागेवरून नुसते ओठ हलवायचे, भोंगा आणून देतो. इतकी शांतता त्या इमारतीत कधी नव्हती. तिचं काम पदवी होईपर्यंत पक्कं झालं. मीही हट्टाने तिच्याकडून ओठ वाचायला शिकू लागलो. आणि नेमका त्याच आठवड्यात केबिनला जाड पडदा लागला.

परवा तिची आई आली, लेक काम करते ती जागा बघायला. दारातच उभी राहिली, केसांत अजून पीठ. लेक टोकाच्या कपाटाशी. मायलेकी सगळ्या वाचनकक्षावरून आवाज न करता अशा गप्पा मारत होत्या की पानं उलटायचीही थांबली. मी मान लांब करून, डोळे ताणून बघत होतो. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि ओठ हलवले. आयुष्यात मी स्वतः ओठांवरून वाचलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य.

"तो म्हातारा कोण गं? भलताच चोंबडा दिसतोय."

मी उठून तिला नमस्कार केला.