पाठीमागच्या दोन खाचा

मोडेम बंद पडला तेव्हा मला पहिला राग आला तो त्याच्या दिव्यांचा. सगळे लाल दिवे व्यवस्थित लागलेले, आणि संगणक मात्र पडद्यावर सांगतोय की मोडेम सापडत नाही. शेजारीच तर बसलाय, मेल्या! तुला डोळे नाहीत की मला?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी होसकोट्याजवळच्या एका कारखान्यात खरेदी विभागात कामाला होते आणि आईला घेऊन बेंगळुरूत भाड्यानं राहत होते. घर वरच्या मजल्यावर, खाली घरमालक. त्यांचं कुटुंब पिढ्यान् पिढ्या इथलंच, पण घरात बोलणं मराठी. घरमालकीणबाईंना आम्ही अक्का म्हणायचो. आई पुण्याहून आल्यावर ह्या अक्कांशी तिचं जमलं, कारण अक्का तिच्या कानाजवळ तोंड नेऊन, हातवारे करून बोलायच्या. आईला ऐकू फारच कमी यायचं. यंत्र लावलं की नुसती शिट्टी वाजते म्हणून तिनं ते डबीत ठेवून दिलं होतं.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत. तो फोन करायचा तेव्हा आई रिसीव्हर कानाला घट्ट दाबून "हो, हो, बरं, बरं" म्हणत राहायची. तो विचारायचा गुडघा कसा आहे, ती सांगायची नाही रे, इकडे पाऊस नाही. फोन ठेवला की मला विचारायची, "काय म्हणाला?" मला ते बघवत नसे. म्हणून तो सुट्टीवर आला तेव्हा त्यानं एक नवाकोरा संगणक आणला, मला शाबासकी देण्याच्या सुरात म्हणाला, "आता आईशी मेलवर बोलू." संगणक इतका नवा की माझ्या जुन्या मोडेमची जाड केबल लावायला त्याला जागाच नव्हती. मग मध्ये एक यूएसबीचा अ‍ॅडाप्टर आला. अ‍ॅडाप्टरचं एक टोक मोडेमच्या केबलला, दुसरं संगणकाच्या पाठीमागच्या खाचेत.

आणि खरंच सांगते, पहिलं पत्र आलं तेव्हा आईनं ते चष्मा पुसून पुसून वाचलं. कित्येक वर्षांनी मुलाचं बोलणं तिला पूर्ण कळलं होतं, एकही शब्द न गळता. ती एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायला शिकली. अळूची भाजी केली, अक्कांनी चिरोटे दिले, गॅलरीत कबुतरं फार झालीत, असलं सगळं ती लिहायची. तो दोन ओळी उत्तर द्यायचा. फोन करणं त्यानं बंद केलं. मेल आहे ना आता!

दसऱ्याच्या आदल्या दिवसानंतर हे सगळं ठप्प झालं.

मी प्रथम टेलिफोन खात्यात तक्रार केली. माणूस आला, रिसीव्हर उचलला, टोन ऐकला, "लाइन सरी इदे", म्हणजे लाइन ठीक आहे, म्हणाला आणि निघाला. मी म्हटलं, अहो, मोडेम लागत नाही. "मोडेम आमचा नाही." इंटरनेट कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीनं संगणक बंद करून चालू करायला सांगितला. मी म्हटलं, केलाय. ती म्हणाली, परत करा. परत केला. मग म्हणाली, तुमची टेलिफोन लाइन खराब असणार. आता लाइनवाला म्हणतो माझा दोष नाही, कंपनी म्हणते लाइनचा दोष, आणि मी मध्ये चेंडूसारखी टोलवली जातेय! कामावरून सुट्टी काढून मोडेम, अ‍ॅडाप्टर, वायरी असं सगळं पिशवीत भरून बाजारातल्या दुकानात नेलं. दुकानदारानं ते स्वतःच्या संगणकाला लावलं तर मोडेम काय छान केकाटला! अ‍ॅडाप्टरही उत्तम.

"तुमच्याकडेच काहीतरी चुकतंय, मॅडम," तो हिंदीत म्हणाला. "वापरतं कोण?"

"माझी आई."

तो हसला. "मांजींना इंटरनेट कशाला? फोनवर बोलू द्या की मुलाशी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भर दुकानात ओरडले, "त्यांना ऐकू येत नाही! म्हणून!" गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी पिशवी उचलून तडक बाहेर पडले. ज्याला त्याला आपापली वस्तू ठणठणीत असल्याचं समाधान. बोलणं बंद झालं होतं माझ्या आईचं, पण ते कुणाच्याच खात्यात येत नव्हतं.

घरी आले की आई रोज विचारायची, "झालं?" नाही म्हटलं की स्वतःच माझी समजूत काढायची. पत्रं कंपनीच्या संगणकात साचून राहतात, आपण जोडलं की सगळी एकदम येतात, हे मीच तिला कधीतरी सांगितलेलं. "ढीग झाला असेल तिकडे," ती म्हणायची. "आली की निवांत वाचीन." मी परदेशी फोनच्या बूथवरून भावाला फोन करते म्हटलं तर तिनं मला शपथच घातली. त्यानं एवढ्या हौसेनं आणलेलं यंत्र बिघडलं, त्याला वाईट वाटेल.

दिवाळीतल्या पाडव्याला सुट्टी होती. फराळाचं ताट बाजूला सारून मी टेबल भिंतीपासून ओढलं आणि संगणकाच्या पाठीमागे डोकं घातलं. तिथे एकावर एक अशा दोन यूएसबीच्या खाचा होत्या. अ‍ॅडाप्टर खालच्या खाचेत होता. वरची रिकामी, आणि तिच्या कडेला वाळलेलं गंध आणि कुंकवाचा ठिपका.

"हे काय आहे?" मी आईला खुणेनं विचारलं.

आई म्हणाली, "आयुधपूजा नव्हती का? अक्का वर आल्या होत्या. स्कूटर झाली, मिक्सर झाला, म्हणाल्या, ह्यालाही स्वल्प गंध लावूया की. त्यांच्यात सगळं सुटं करून, पुसून मग पूजा करतात. मीच परत लावलं सगळं. नीट लावलंय."

"ही वायर कुठे होती आधी?"

"इथेच. वर नाहीतर खाली. दोन्ही सारख्याच तर आहेत."

सारख्याच होत्या! मी मोडेमच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. वरच्या खाचेला संगणकानं एक पोर्ट नंबर दिला होता आणि खालच्या खाचेला दुसराच. मोडेम खाली बसला होता आणि संगणक त्याला वर शोधत होता. मीही दुकानातून आल्यावर जिथून काढला तिथेच इमानदारीत लावला होता. जुळ्यासारख्या दोन खाचा शेजारी शेजारी करायच्या, त्यांच्यात असला भेद ठेवायचा आणि तो कुठेही लिहायचा नाही, ही कुठल्या शहाण्याची अक्कल? पूजा करणाऱ्या दोन म्हाताऱ्यांवर मला राग येईना. त्यांनी वस्तूचा मान ठेवला होता.

मी अ‍ॅडाप्टर वरच्या खाचेत घातला. मोडेम किंचाळला, खरखरला, आणि जोडला गेला. आई खुर्ची ओढून शेजारी बसली, पदरानं चष्मा पुसला.

इंटरनेट कंपनीच्या जाहिराती आल्या. मग काहीच आलं नाही.

मी पुन्हा तपासलं. मग माझ्याच पत्त्यावर एक पत्र पाठवून पाहिलं. ते लगेच येऊन पोचलं. म्हणजे काही हरवलं नव्हतं, कुठे अडकलं नव्हतं. दसऱ्यापासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत आईचं एकही पत्र गेलं नव्हतं, आणि ते त्याच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. दिवाळीचे दोन शब्दही नाहीत. टेलिफोन खातं, कंपनी, दुकानदार ह्या सगळ्यांवर उधळलेला माझा संताप आता एका जागी गोळा झाला, आणि तो ज्याच्यावर काढायचा तो सात समुद्रांपलीकडे सुखात होता. मी पर्स उचलली.

"कुठे निघालीस?"

"बूथवर," मी ओरडून म्हणाले. "त्याला विचारते!"

आईला ते नीट ऐकू गेलं. तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं. मग गुडघ्यावर हात टेकत ती टेबलामागे वाकली, अ‍ॅडाप्टर वरच्या खाचेतून काढला आणि खालच्या खाचेत घातला. नीट दाबून बसवला.

तेवढ्यात अक्का चकल्यांचा डबा घेऊन जिन्यावरून वर आल्या. संगणकाकडे बोट करून त्यांनी हातानंच विचारलं, आली का मुलाची पत्रं?

"अजून नाही हो," आई पदराला हात पुसत म्हणाली. "मशीन सरी झालं नाही."