डावखुरा तबलजी
सुक्या बोंबलांचा वास आला की मला आधी तबला आठवतो. नरपडला राहत असताना मी नवे स्पीकर घेतले होते आणि त्यांची पारख करायला पंचवीसेक अल्बम ऐकून संतूर-तबल्याची एक सीडी निवडली होती. रेकॉर्डिंग इतकं स्वच्छ, की वाजवणारे समोर बसल्यासारखे वाटायचे. रविवारी तलासरीहून दोन चोखंदळ मित्र ऐकायला येणार होते, म्हणून आदल्या सकाळी मी तीच लावून बसलो होतो. तेवढ्यात सुकी मासळी विकणारी मावशी आली, पाटी ओट्यावर ठेवून दारातच टेकली. थोडा वेळ ऐकून म्हणाली, "काय रे, तुझा तबलेवाला डावखुरा हाय काय?" मी हसलो. "हसतो काय? माझा नवरा हळदीला ढोलकी वाजवतो, मी समोर बसते. त्याच्या उजव्या हाताचा बारीक आवाज माझ्या डाव्या अंगाला येतो. ह्याचा उजवीकडनं येतोय." मी सीडीच्या कव्हरवरचा फोटो पाहिला. तबलजी चांगला उजव्या हाताचा! मग स्पीकरमागे वाकलो, तर डाव्याची वायर उजव्याला आणि उजव्याची डाव्याला. आणि तीन आठवडे मी गावभर आवाजावर भाषणं ठोकत होतो! वायरी बदलल्यावर मावशीने पुन्हा कान दिला. "आता बसला सरळ," म्हणाली, "बोंबील किती देऊ?" रविवारी मित्रांनी माझ्या कानांचं फार कौतुक केलं आणि मी ते गुपचूप घेतलं. आजही नवे स्पीकर जोडले की मी तीच सीडी लावतो, समोर मांडी घालतो आणि डोळे मिटून आधी विचारतो, "काय रे, डावखुरा हाय काय?"